जी४१ बोर्डचा जुना डेस्कटॉप आणि दर वेळी वेगळ्या जागी अडणारे इन्स्टॉलेशन

मशीन एका सार्वजनिक वाचनालयातले. इंटेलच्या जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर २ ड्युओ ई७५०० प्रोसेसर, डीडीआर३ रॅमच्या एक-एक जीबीच्या दोन पट्ट्या, ३२० जीबीची साटा हार्डडिस्क आणि त्यावर विंडोज ७. पुस्तकांची नोंद, सभासदांच्या याद्या, वर्गणीची पत्रे एवढेच काम. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, ब्राउझरही हळूहळू चालेनासे झाले, म्हणून नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचे ठरले. इन्स्टॉलेशन कधी फाइल कॉपी होताना अडायचे, कधी भाषा निवडण्याच्या पडद्यावरच मशीन गोठायचे, एकदा तर कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टिमचा गाभाच बंद पडल्याचा संदेश, आला. दुकानात 'मदरबोर्ड गेला' असे उत्तर मिळाले होते. मदरबोर्ड ठीक होता. चार स्वतंत्र दोष एकमेकांवर चढून बसले होते, आणि त्यातल्या प्रत्येकाची खूण दुसऱ्याच्या खुणेत मिसळून जात होती.

अशी मशीन तालुक्याच्या गावांत, शाळांत, पतसंस्थांत अजून पुष्कळ आहेत. त्यामुळे या प्रकरणात काय तपासले, कोणत्या क्रमाने आणि का, हे सविस्तर मांडतो.

विंडोज का नाही

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ बद्दल सगळीकडे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूटची चर्चा होते, आणि त्या अटी चुकवायच्या युक्त्याही सांगितल्या जातात. कोअर २ ड्युओवर त्या युक्त्यांचा उपयोग नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना असाव्याच लागतात. ई७५०० मध्ये एसएसई४.१ पर्यंतच्याच सूचना आहेत. हा अडथळा सिलिकॉनमधला असल्याने रजिस्ट्रीत बदल करून तो ओलांडता येत नाही, सिस्टिम सुरूच होत नाही.

म्हणून लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती निवडली. प्रोसेसर ६४ बिटचा असल्याने ती चालते, किमान २ जीबी रॅम मागते, ४ जीबी असली तर सुखाने चालते, आणि या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. प्रोसेसर ३२ बिटचा असता, म्हणजे जुना पेन्टियम ४ वगैरे, तर पर्याय फारच आखडले असते. डेबियन १३ पासून तर ३२ बिटसाठी इन्स्टॉलरच मिळत नाही.

आधी सेल, मग बाकी सगळे

बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताच मदरबोर्डवरून चालणाऱ्या प्राथमिक प्रोग्राममध्ये, तारीख २००९ सालची दिसत होती. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला होता. नवा सेल ३ व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दिसला तर बदलावा.

ही गोष्ट किरकोळ वाटते आणि म्हणूनच शेवटी केली जाते. ती पहिली करायला हवी. सेल नसला की मुख्य पुरवठा बंद होताच बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत जातात. बूटचा क्रम बदलतो, यूएसबीचे पर्याय बदलतात. आज एक चाचणी केली, उद्या दुसरी केली, तर दोन्ही वेळा मशीनची स्थितीच वेगळी असते, आणि मग निष्कर्षाला अर्थ उरत नाही. शिवाय चुकीच्या तारखेचा फटका पुढे वेगळ्याच ठिकाणी बसतो. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राबद्दल तक्रार करतो, आणि अपडेट घेताना 'रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही' असा संदेश येतो. मशीनच्या दृष्टीने ती फाइल भविष्यातली असते. लोक मग सर्व्हर बदलत बसतात.

सेल बदलताना पॉवर केबल काढावी, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरचा विद्युतभार उतरवावा. कॅबिनेट उघडलेच आहे तर तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. एक, प्रोसेसरभोवतालचे कपॅसिटर माथ्यावर फुगले आहेत का. दोन, एलजीए७७५ च्या पंख्याच्या चार प्लॅस्टिक खुंट्यांपैकी एखादी सुटली किंवा तुटली आहे का. एक खुंटी सुटली तरी हीटसिंक एका बाजूने उचलला जातो. तीन, धूळ. बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये नुसते बसलेले मशीन ७०-८० अंश दाखवत असेल तर थर्मल पेस्ट वाळली आहे. या मशीनमध्ये पेस्ट नव्याने लावली, खुंट्या शाबूत होत्या.

एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, मशीन चालू असताना मोजला. मोलेक्स कनेक्टरची काळी तार आणि पिवळी तार यांत १२ व्होल्ट, काळी आणि लाल यांत ५ व्होल्ट. दोन्हीकडे पाच टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५. इथे दोन्ही आकडे मर्यादेत होते.

पेनड्राइव्ह दिसतच नाही

पहिला दोष इथे होता. रूफस या बूटेबल पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये पार्टिशन स्कीम (डिस्कवरच्या विभागांचा तक्ता मांडण्याची पद्धत) जीपीटी ही नवी निवडली गेली होती. जी४१ च्या या बोर्डवर यूईएफआय ही बायोसची नवी पिढी नाही, जुने लेगसी बायोस आहे. त्याला असा पेनड्राइव्ह बूटेबल वाटत नाही, काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहतो. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर, म्हणजे जुनी पद्धत, आणि टार्गेट सिस्टिम बायोस किंवा यूईएफआय असे निवडावे. तरीही नाही जमले तर प्रगत पर्यायांत जुन्या बायोससाठीच्या दुरुस्त्यांची एक खूणचौकट असते, ती लावून पाहावी. ८ किंवा १६ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो.

पुढची अडचण बायोसच्या मांडणीची. बरेच जण बूट क्रमात 'रिमूव्हेबल डिव्हाइस' पहिले ठेवतात आणि थांबतात. या काळातली अनेक बायोस पेनड्राइव्हला हार्डडिस्क समजतात. म्हणून 'हार्ड डिस्क ड्राइव्हज' या वेगळ्या यादीत जाऊन तिथे पेनड्राइव्हचे नाव पहिल्या क्रमांकावर आणावे लागते, त्यानंतरच मुख्य बूट क्रमात ते दिसते. याहून सोपा मार्ग म्हणजे चालू होतानाचा बूट मेनू. आसूसच्या बोर्डवर एफ८, गिगाबाइटवर एफ१२, एमएसआयवर एफ११, इंटेलच्या स्वतःच्या बोर्डवर एफ१०. पेनड्राइव्ह मागच्या पोर्टला लावावा. पुढच्या पोर्टची तार कॅबिनेटमधून फिरून येते आणि जुन्या मशीनमध्ये तिचा सांधा बहुधा सैल झालेला असतो.

डाउनलोड केलेल्या आयएसओचा (इन्स्टॉलेशनच्या मूळ फाइलचा) एसएचए२५६ हा पडताळणीचा अंक मिंटने दिलेल्या अंकाशी जुळवणे आणि बूट मेनूतून पेनड्राइव्हची अखंडता तपासणे या दोन गोष्टी टाळू नयेत. पाच-दहा मिनिटे जातात, पण 'पेनड्राइव्हवरची फाइलच खराब असेल का' हा प्रश्न कायमचा मिटतो. इथे अंक जुळला. अखंडता तपासणीत मात्र एकदा दोष दाखवला गेला आणि दुसऱ्यांदा नाही. ही फार मोलाची खूण होती.

अडण्याची जागा बदलते का

जुन्या मशीनवर इन्स्टॉलेशन बिघडले की सर्वांत आधी हाच प्रश्न विचारावा. तोच पेनड्राइव्ह, त्याच सेटिंग, आणि दर वेळी बिघाड त्याच जागी येत असेल, तर दोष एखाद्या ठरावीक ठिकाणी आहे. आयएसओ, पेनड्राइव्हचा एखादा भाग, हार्डडिस्कचे खराब सेक्टर, किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर. ग्राफिक्सचा दोष ओळखायला सोपा. मेनूनंतर पडदा काळा होतो, तोही दर वेळी त्याच क्षणी. अशा वेळी मेनूतला कम्पॅटिबिलिटी मोड निवडावा किंवा बूटच्या ओळीत नोमोडसेट जोडावे. बिघाडाची जागा दर वेळी बदलत असेल तर संशय रॅम, वीजपुरवठा आणि उष्णता यांच्यावर घ्यावा. वीज आणि उष्णता आधीच तपासून झाली होती. उरली रॅम.

विंडोज ७ याच रॅमवर वर्षानुवर्षे चालत होते, मग रॅम खराब कशी, असे विचारले जाते. दोन जीबीतला खराब भाग काही बाइटांचा असतो. रोजच्या कामात तिथे एखाद्या चित्राचा तुकडा पडला तर कुणाला कळतही नाही, कधी प्रोग्राम बंद पडतो आणि लोक पुन्हा उघडतात. इन्स्टॉलरचे तसे नाही. पेनड्राइव्हवरची सगळी सिस्टिम एका मोठ्या दाबलेल्या फाइलमध्ये असते आणि ती रॅममध्ये उलगडून डिस्कवर जाते. दाबलेल्या फाइलमधला एक बिट पालटला तरी तो अख्खा तुकडा उलगडत नाही, आणि पडद्यावर स्क्वॉशएफएसची (या दाबलेल्या फाइलच्या प्रकाराची) त्रुटी किंवा 'इनपुट-आउटपुट एरर, क्रमांक ५' असा संदेश येतो. त्या संदेशात सीडी किंवा हार्डडिस्क खराब असावी असे लिहिलेले असते. रॅमचे नाव त्यात नाही. या मशीनला चुकीच्या दिशेने नेणारा संदेश तोच.

मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम वेगळ्या पेनड्राइव्हवरून चालवला. पद्धत अशी: दोन पट्ट्यांना क आणि ख म्हणा, दोन खाचांना १ आणि २. एका वेळी एकच पट्टी, एकाच खाचेत, आणि चारही जोड्या तपासायच्या. क पट्टी दोन्ही खाचांत त्रुटी देत असेल तर पट्टी खराब. दोन्ही पट्ट्या फक्त दुसऱ्या खाचेत त्रुटी देत असतील तर खाच किंवा बोर्ड खराब. एक जीबीच्या पट्टीच्या एका पूर्ण फेरीला अशा प्रोसेसरवर अर्धा-पाऊण तास धरावा. एक जरी लाल ओळ आली तरी पट्टी नापास. 'फक्त दोनच त्रुटी आल्या' असे म्हणून सोडू नये.

ख पट्टीने सुरुवातीला दोन्ही खाचांत त्रुटी दाखवल्या. तिचे सोनेरी संपर्क पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून पूर्ण वाळू दिले. त्यानंतर ती स्वच्छ निघाली. क पट्टी साफ करूनही दोन्ही खाचांत नापास झाली.

नवी रॅम घेतानाची फसगत

या चिपसेटबद्दल एक गोष्ट बाजारात फार कमी जणांना ठाऊक असते. जी४१ कमाल ८ जीबी रॅम घेतो, पण रॅमच्या एका चिपची घनता २ गिगाबिटपर्यंतच त्याला समजते. ४ जीबीच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना मिळून १६ काळ्या चिपा असतील तर प्रत्येक चिप २ गिगाबिटची आणि पट्टी चालते. तीच ४ जीबी एका बाजूच्या ८ चिपांत बसवली असेल तर प्रत्येक चिप ४ गिगाबिटची होते आणि मशीन एकतर डिस्प्लेच देत नाही किंवा अर्धीच रॅम दाखवते. दुकानदार ती पट्टी दुसऱ्या मशीनवर लावून चालू दाखवतो, आणि दोष पुन्हा मदरबोर्डवर येतो. विकत घेताना चिपा मोजाव्यात. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या, फक्त एएमडीसाठी असलेल्या पट्ट्याही इथे चालत नाहीत. त्यांची आतली मांडणी इंटेलच्या या चिपसेटला वाचता येत नाही.

२ जीबीच्या दोन डीडीआर३ पट्ट्या लावल्या. या क्षमतेला ८ चिपा असोत की १६, घनता मर्यादेतच राहते. त्यावर मेमटेस्ट रात्रभर चालवले. एकही त्रुटी नाही.

डिस्कची पाळी

रॅम बदलल्यावर बिघाडाची जागा हलायची थांबली. इन्स्टॉलर आता दर वेळी फाइल कॉपीच्याच टप्प्यात, जवळपास त्याच टक्क्यावर थांबू लागला. ही प्रगती होती, जरी पडद्यावर तोच क्रमांक ५ चा संदेश होता.

मिंटच्या लाइव्ह सत्रात, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या मिंटमध्ये, 'डिस्क्स' नावाचा प्रोग्राम असतो, त्याच्या मेनूत स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवलेल्या नोंदींची, माहिती मिळते. तिथे चार ओळी पाहाव्यात. क्रमांक ५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले पण अजून निकालात न काढलेले सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे, आणि १९९ म्हणजे केबलवरून माहिती जाताना झालेल्या चुका. १९९ एकटाच वाढत असेल तर डिस्क निर्दोष असू शकते, आधी साटा केबल बदलावी. इथे १९९ शून्य होता, ५ आणि १९७ दोन्ही शून्यापेक्षा बरेच वर. वरती मोठ्या अक्षरांत 'डिस्क ठीक आहे' असा शेरा होताच. तो शेरा उत्पादकाने ठरवलेली मर्यादा ओलांडली जाईपर्यंत बदलत नाही, म्हणून त्यावर विसंबू नये.

याच टप्प्यावर वाचनालयाचा डेटा बाहेर काढला, आणि मुद्दाम रॅम बदलल्यानंतरच. खराब रॅमवर लाइव्ह सत्र चालवून फाइल कॉपी केल्या तर कॉपी होतात, पण आतून बिघडलेल्या असू शकतात, आणि ते काही महिन्यांनी कळते. आधी नोंदींच्या फाइल, मग पत्रे, शेवटी फोटो असा महत्त्वाचा क्रम लावला. डिस्क मरणपंथाला असताना तिच्यावर लांबलचक चाचण्या चालवायच्या नसतात, जे हवे ते आधी उतरवून घ्यायचे.

जुनी डिस्क काढून २४० जीबीची साटा एसएसडी लावली. जी४१ सोबतच्या आयसीएच७ चिपवर साटाचा वेग ३ गिगाबिटचा आहे आणि डिस्कशी बोलण्याचा नवा एएचसीआय मोड नाही, फक्त जुना आयडीई मोड. त्यामुळे एसएसडीच्या खोक्यावर छापलेला वेग मिळत नाही, निम्म्याच्या आसपास मिळतो. तरीही फरक मोठा पडतो, कारण जुनी डिस्क हळू वाटते ती विखुरलेल्या लहान फाइल शोधताना. एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करायचा तर तो या एका भागावर करावा असे आमचे ठाम मत आहे. एसएसडी पुढच्या मशीनमध्येही नेता येते.

इन्स्टॉलेशन पूर्ण, पण बूट नाही

एसएसडीवर 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा सोपा पर्याय निवडला. काम न अडता पूर्ण झाले. रीस्टार्ट केल्यावर मात्र 'योग्य बूट डिव्हाइस निवडा' एवढीच ओळ.

इथे संदेश नीट वाचण्याला महत्त्व आहे. पडद्यावर ग्रब रेस्क्यू (ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करणारा बूटलोडर) आले असते तर बायोसने डिस्कवरचा ग्रब सुरू केला, पण ग्रबला पुढचे पार्टिशन सापडले नाही, असा अर्थ झाला असता. आपल्याकडे बायोसने डिस्कला बूटेबलच मानले नव्हते. कारण इन्स्टॉलरने रिकाम्या डिस्कवर जीपीटी तक्ता बनवला होता. जीपीटी डिस्कच्या सुरुवातीला एक संरक्षक एमबीआर असतो आणि त्यातल्या नोंदीवर सहसा सक्रिय ही खूण नसते. काही जुनी बायोस ही खूण शोधतात आणि ती न दिसल्यास डिस्क सोडून देतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, पुन्हा इन्स्टॉल न करता: लाइव्ह सत्रात पार्टेड ही टर्मिनलमधली आज्ञावली उघडून त्या डिस्कच्या संरक्षक एमबीआरवर बूटची खूण लावायची. पार्टेडमध्ये तिचे नाव पीएमबीआर-बूट आहे. दुसरा, मुळातच एमबीआर तक्ता वापरायचा. जीपार्टेडमध्ये 'डिव्हाइस' मेनूतून नवा पार्टिशन तक्ता, प्रकार एमएसडॉस. मग इन्स्टॉलरमध्ये 'काहीतरी वेगळे' हा पर्याय निवडून एकच ईएक्सटी४ पार्टिशन, माउंट बिंदू म्हणून एकच तिरकी रेघ, स्वॅपसाठी वेगळे पार्टिशन नको, इन्स्टॉलर स्वॅप फाइल बनवतो. एमबीआरची मर्यादा २ टीबीची, तिचा इथे प्रश्नच नाही. आम्ही दुसरा उपाय केला, कारण पुढे कुणी दुरुस्तीला बसला तर त्याला या खुणेचे गूढ उकलावे लागू नये.

त्याच पडद्यावर खाली बूटलोडर कोणत्या डिस्कवर टाकायचा याची यादी असते. तिथे चुकून पेनड्राइव्ह निवडला गेला तर मशीन पेनड्राइव्ह लावल्यावरच सुरू होते. नावापेक्षा आकार पाहून डिस्क ओळखावी, आणि पार्टिशन न निवडता पूर्ण डिस्क निवडावी.

या वेळी मशीन एसएसडीवरून सुरू झाले, तारीख बरोबर होती, अपडेटही अडले नाहीत.

जुनी मराठी कागदपत्रे

सिस्टिम उभी राहिली तरी वाचनालयासाठी काम संपलेले नव्हते. जुनी पत्रे श्रीलिपी आणि आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर फाइलच्या आत रोमन अक्षरे आणि चिन्हे म्हणूनच साठवलेला असतो, देवनागरी रूप केवळ फॉन्ट देतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर लिबरऑफिसमध्ये पत्र उघडले की अर्थहीन अक्षरांची रांग दिसते, आणि लोक समजतात की फाइल बिघडली. म्हणून जुनी डिस्क बाजूला ठेवण्याआधी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून वापरात असलेले फॉन्ट, परवान्याची खात्री करून, उतरवून घ्यावे आणि नव्या सिस्टिममध्ये बसवावे. मजकूर वाचता येतो, छापताही येतो. त्या फॉन्टमध्ये नव्याने टाइप करायला मात्र मूळ विंडोज सॉफ्टवेअर लागते, त्यामुळे नवीन लेखन युनिकोडमध्येच करावे लागेल. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्टची मांडणी जोडता येते. ज्या जुन्या पत्रांत दरवर्षी फक्त तारीख आणि रक्कम बदलते, तेवढीच युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घेतली, बाकीची पीडीएफ करून ठेवली.

एक अपेक्षा मात्र आधीच सांगून ठेवली. हे ग्राफिक्स आजच्या व्हिडिओंचे व्हीपी९ एन्कोडिंग हार्डवेअरवर उलगडू शकत नाही, तो भार प्रोसेसरवर येतो. ४८० रेषांचा व्हिडिओ नीट चालतो, पूर्ण एचडी अडखळतो. ब्राउझरमध्ये एका वेळी चार-पाच टॅब उघडे असले तर ४ जीबी पुरते. नोंदवही, पत्रे, छपाई आणि शासकीय पोर्टलवर माहिती भरणे यांसाठी मशीन आता विनातक्रार चालते.